बारा मीटरचं वर्तुळ

१

कवळीकाका नाहीसे झाले तेव्हा ते नेमके कुठे आहेत हे सगळ्यांना माहीत होतं. अगदी बारा मीटरच्या आत. फक्त तिथे ते नव्हते.

माझी ताई आणीबाणीचे फोन घेते. आग लागली, अपघात झाला, कोणी बेशुद्ध पडलं की लोक जो नंबर लावतात, तो उचलणाऱ्या वीस जणांपैकी ती एक. शुक्रवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी तिने असाच एक फोन उचलला. पलीकडे एक वयस्कर माणूस धापा टाकत होता. त्याच्यामागे कसलीतरी जबरदस्त घरघर चालली होती. त्या घरघरीतून कामाचे तीनच शब्द कळले: "दार", "पाय" आणि "लवकर". मग काहीतरी आपटलं आणि फोन बंद. एकूण एकेचाळीस सेकंद. ताईने परत फोन लावला तर लागेना.

पण स्क्रीनवर वर्तुळ उमटलं होतं. छोटंसं, बारा मीटरचं, नदीपलीकडच्या एका तीन मजली इमारतीवर. रुग्णवाहिका नऊ मिनिटांत तिथे पोचली. दाराला बाहेरून कुलूप. कुलूप तोडून सगळे आत शिरले, तिन्ही मजले पालथे घातले. रिकाम्या खोल्या, जमिनीत खुर्च्या उखडल्याची भोकं, भिंतीवर दातांचा एक फिकट तक्ता. माणूस नाही. रक्त नाही. फोन नाही.

ती इमारत म्हणजे दोन आठवड्यांपूर्वीपर्यंतचा आमचा दातांचा दवाखाना. आणि तो नंबर होता कवळीकाकांचा. ते त्याच दवाखान्यात मागच्या खोलीत बसून कवळ्या बनवत. माझ्या दातांवरची तारांची पट्टीही त्यांनीच बनवलेली.

ताई घरी आली, बूट न काढताच खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "मी त्यांना म्हटलं, थांबा, मदत येतेय. त्यांनी ऐकलं ते. 'हो' म्हणाले गं."

२

शनिवारी सकाळी इन्स्पेक्टरबाई ताईचा जबाब घ्यायला घरी आल्या. बाई रुंद, शांत, आणि बोलताना दोन शब्दांमध्ये एवढी जागा सोडत की मधून एखादी गाडी जावी. मी स्वयंपाकघराच्या दारात पाण्याच्या बाटल्या भरत होते. आमच्याकडे चार बाटल्या आहेत. मी त्या अकरा वेळा भरल्या.

"ही कोण?" बाईंनी विचारलं.

"धाकटी बहीण," ताई म्हणाली. "कान जरा लांब आहेत तिचे."

"मी ओळखते काकांना," मी पुढेच आले. "दर महिन्याला जाते तिथे. आजच सव्वाअकराला नंबर आहे माझा, तार घट्ट करायचीय." गेल्या वर्षी मी अशी मध्ये बोललेच नसते. दातांवर तारा बसल्यापासून माझं तोंड जास्तच चालायला लागलंय. आई म्हणते, पैसे उलट्या कामाला गेले.

बाईंनी मला हाकललं नाही. "कसे होते स्वभावाने?"

"मोबाईलवर विश्वास नसलेले. लोकेशन कायम बंद. म्हणायचे, माझी बायको माझ्यावर पाळत ठेवते तेवढी पुरे."

बाईंनी ताईकडे बघितलं. "लोकेशन बंद असेल तर तुम्हाला ते वर्तुळ दिसलं कसं?"

"हा नंबर लावला की फोन स्वतःच लोकेशन चालू करतो," ताई म्हणाली. "बहुतेक फोन करतात तसं. आजूबाजूला चाचपून आपण कुठे आहोत ते ठरवतो, आम्हाला कळवतो आणि परत बंद करून टाकतो. बोलणाऱ्याला पत्ताही लागत नाही. त्याआधी आम्हाला एक मोठं वर्तुळ दिसतं, ज्या टॉवरने फोन पकडला त्याच्या आसपासचं. ते दोन-तीन किलोमीटरचं असतं. त्यावरून माणूस शोधायचा म्हणजे गवतात सुई. म्हणून आम्ही लहान वर्तुळ धरतो."

"आणि दोन्ही जुळत नसतील तर?"

"तरी लहानच धरायचं. तसा नियम आहे."

"काल जुळत होती?"

"नव्हती. टॉवर नदीच्या अलीकडचा होता. कधीकधी लांबचा टॉवर फोन पकडतो, म्हणून कोणी मनावर घेत नाही. मीही नाही घेतलं."

बाईंनी वही मिटली. "जुन्या इमारतीचा रखवालदार आमच्याकडे बसवून ठेवलाय. किल्ल्यांचा जुडगा त्याच्याकडे. तो रडतोय आणि एकच सांगतोय, काल तिथे कोणी आलंच नाही, तिथे वीजसुद्धा कापलीय, कोण कशाला येईल. म्हातारा माणूस, त्यात पायाला काहीतरी झालेलं. रात्र गेली. आज दिवसभरात सापडला नाही, तर मग आपण माणूस शोधत नसू."

बाटली भरून पाणी माझ्या पायावर सांडायला लागलं तेव्हा मला कळलं की नळ चालूच आहे.

३

ताई घरात बसेना, म्हणून माझ्याबरोबर दवाखान्यात आली.

नवी जागा मला पहिल्याच दिवशी आवडली नव्हती. सहा मजल्यांच्या इमारतीत राहायला आलेलं कोणीच नाही. तळमजल्यावर दवाखाना, वर सगळं अर्धवट. खिडक्यांना काचा नाहीत, प्लास्टिक बांधलंय, ते वाऱ्यावर फडफडतं आणि वाटतं, वरून कोणीतरी सावकाश टाळ्या वाजवतंय. आजूबाजूला मोकळे प्लॉट. बाहेर चिडीचूप.

आत दवाखान्याची तिघंच माणसं होती. डॉक्टरबाई, ज्यांचे हात जगातले सर्वात थंड हात आहेत. काउंटरवरची मुलगी, जिला मी मनात चिवचिव म्हणते, कारण ती थांबतच नाही. आणि डॉक्टरबाईंचा धाकटा भाऊ. दवाखान्याची सगळी व्यवस्था तोच बघतो. त्याला सगळे टापटीप म्हणतात, तोंडावरसुद्धा. शर्टाला एक सुरकुती नाही, पेन रंगांप्रमाणे लावलेली, आवाज मधासारखा.

इन्स्पेक्टरबाई आमच्या आधीच येऊन काउंटरला टेकल्या होत्या. मी मासिक उघडून तोंडासमोर धरलं. ताईने हळूच ते सुलटं करून दिलं.

"मला खरंच माहीत नाही हो," डॉक्टरबाई म्हणत होत्या. त्यांचे डोळे सुजले होते. "दुपारी तीनपासून मी एकाच पेशंटची अक्कलदाढ काढत होते. दोन तास. मान वर केली तेव्हा पाच वाजले होते. बावीस वर्षं आहेत ते माझ्याकडे. न सांगता कधी जात नाहीत."

चिवचिवला विचारायची गरजच नव्हती. "मी ना, तीनला औषधं आणायला गेले, साडेतीनला आले, मग पाचपर्यंत जागची हलले नाही. दार हे एकच. उघडलं की घंटी वाजते, आणि घंटी वाजली की मला बघावंच लागतं, सवयच आहे, घरीसुद्धा घंटी वाजली की मी 'नंबर आहे का' म्हणते. साडेतीननंतर कोणी आलं नाही, कोणी गेलं नाही. काका नव्हते दिसले. गुरुवारी मात्र चांगलेच तापले होते, त्या पाकिटांवरून, मागच्या खोलीत..."

"पाकिटांचं काही नाही," टापटीप हसून म्हणाला. "वय झालं की माणूस चिडचिडा होतो. मॅडम, मी सांगतो ना. काल सव्वातीनला काका माझ्याकडे आले. म्हणाले, जुन्या इमारतीत साचे राहिलेत, घेऊन येतो. किल्ली मीच काढून दिली. फाटकापर्यंत सोडायलाही गेलो. बसमध्ये चढले, हात केला. मी एकट्याला जाऊ द्यायला नको होतं." त्याने रुमाल काढला. रुमालालासुद्धा इस्त्री होती.

"जुन्या इमारतीतून फोन आला होता, हे तुम्हाला कधी कळलं?"

"संध्याकाळी सहाला, तुमच्या स्टेशनवरून फोन आला तेव्हा. सगळ्यांना तेव्हाच कळलं."

बाईंनी मान हलवली. सव्वातीनला इथून निघाले, चार दहाला तिथून फोन. बसने पूल ओलांडून पोचायला पंचवीस मिनिटं. सगळं जुळत होतं. रखवालदाराची काही धडगत नव्हती.

"आज आपण बारालाच बंद करू," टापटीप बहिणीला म्हणाला. "मनःस्थितीच नाही कोणाची. आता सोमवारी उघडू."

बाई टोपी घालून दाराकडे निघाल्या. घंटी वाजली.

४

तेवढ्यात माझ्या मैत्रिणीचा मेसेज आला: कुठे मेलीस?

आमच्यात सभ्य भाषेत एवढंच विचारतात. मला लिहायचा कंटाळा आला, म्हणून मी तिला माझं लोकेशन पाठवून दिलं. लगेच उत्तर आलं: तिकडे काय करतेस? दवाखाना तर हलला ना? की चुकून जुन्या जागी जाऊन बसलीस, बावळट?

मी नकाशा उघडला. निळा ठिपका होता. त्याच्याभोवती छोटंसं, नीटस वर्तुळ होतं. नदीपलीकडे. त्याच तीन मजली इमारतीवर.

माझ्या फोनच्या मते मी आत्ता, या क्षणी, वीज कापलेल्या, कुलूप तोडलेल्या, रिकाम्या इमारतीत बसले होते.

मी ताईला कोपर मारलं. तिने फोन बघितला, आणि तिच्या चेहऱ्याचा रंग उडाला.

"वायफाय," ती कुजबुजली. "तुझा फोन वायफायवर आहे?"

होता की. आत शिरताच आपोआप जोडला गेला होता. कारण नाव तेच, पासवर्ड तोच. काउंटरवर पाटीच होती: 'जागा नवी, वायफाय जुनंच!' पेशंटना पुन्हा पासवर्ड सांगत बसायला नको, म्हणून त्यांनी तिकडचा वायफायचा डबा उपटून इकडे भिंतीवर ठोकला होता. चिवचिवला त्या युक्तीचा केवढा अभिमान.

"भिंतीआड फोनला उपग्रह दिसत नाही," ताई भराभर बोलायला लागली. "मग तो आसपासचे वायफायचे डबे हुंगतो. कुठला डबा कुठे आहे याची मोठी यादी असते, तिच्यावरून जागा ठरवतो. शेजारी दहा डबे असतात, त्यात एखादा हललेला असेल तरी बाकीचे नऊ खरं सांगतात. पण इथे..."

इथे शेजारच नव्हता. अख्ख्या परिसरात एकच डबा. आणि यादीत तो डबा अजून जुन्याच पत्त्यावर राहत होता.

"ताई, तो टॉवर. अलीकडचा. तो इथला?"

ताईने मान डोलावली. ती उठून उभी राहिली होती. खिडकीतून दिसलं, इन्स्पेक्टरबाईंची गाडी वळत होती.

मी पळाले. घंटी तुटेल एवढ्या जोरात वाजली. आयुष्यात पहिल्यांदाच मी पोलिसांच्या गाडीपुढे दोन्ही हात पसरून उभी राहिले, आणि हो, भीती वाटत होती.

५

बाई आणि गाडी चालवणारा हवालदार खाली उतरले. मी नकाशा दाखवला. ताईने वायफायचं सांगितलं. बाईंनी एकही शब्द मध्ये घातला नाही. शेवटी दोन शब्दांमध्ये नेहमीपेक्षाही मोठी जागा सोडून त्या म्हणाल्या, "म्हणजे फोन... इथून आला."

"चार दहाला काका इथे होते," मी म्हणाले. "या इमारतीत."

"सव्वातीनला बसमध्ये चढलेला माणूस?"

"अर्ध्या रस्त्यातून परतले असते, तर घंटी वाजली असती. चिवचिवने, म्हणजे काउंटरवरच्या ताईने बघितलं असतं. साडेतीननंतर कोणी आलंच नाही म्हणते ती. म्हणजे ते परत आले नाहीत. म्हणजे ते गेलेच नव्हते."

मी श्वास घेतला. पुढचं वाक्य माझ्या डोक्यात इतकं स्वच्छ उभं होतं की मलाच त्याची भीती वाटली.

"बाई, नकाशाची चूक झाली. यंत्राची चूक. ती आत्तापर्यंत कोणालाच माहीत नव्हती. मग त्या चुकीला साक्षीदार कुठून आला? डॉक्टरबाई म्हणाल्या, माहीत नाही. काउंटरवरची ताई म्हणाली, दिसले नाहीत. खरं बोलणाऱ्यांकडे सांगण्यासारखं काही नव्हतंच. एकाच माणसाने किल्ली दिली, फाटकापर्यंत सोडलं, हात केलेला बघितला. त्याला सहा वाजता तुमच्याकडून खोटा पत्ता मिळाला, आणि त्याने त्या पत्त्याच्या मापाची गोष्ट शिवली."

"आणि पाकिटं?" बाईंनी विचारलं. "काका कशावरून तापले होते?"

ते मला ठाऊक होतं. म्हणजे ठाऊक होतं हे मला त्याच क्षणी कळलं. "हत्यारांची पाकिटं. यंत्रात वाफेवर नीट उकळून निघाली की पाकिटावरची फिकी पट्टी काळी होते. काकांनीच शिकवलं होतं मला. पट्टी काळी नसेल तर तोंड उघडायचं नाही, म्हणायचे."

आम्ही आत गेलो. बाईंनी पाकिटांचं विचारताच चिवचिवने काउंटरमागच्या खणाकडे बोट केलं; बाईंनी तो ओढला. पाकिटं एकावर एक, अगदी टापटीप लावलेली. सगळ्यांच्या पट्ट्या फिक्या गुलाबी.

डॉक्टरबाईंनी एक उचललं. उलटं केलं. दुसरं उचललं. "ही... ही उकळलेली नाहीत." त्या भावाकडे वळल्या. "मला पाकिटं फोडून ट्रेमध्ये मांडून देतोस ना तू? किती दिवस? अरे, किती दिवस?"

"यंत्राला पाण्याची लाईन आली नव्हती, ताई," टापटीप म्हणाला. आवाज अजून मधासारखाच, फक्त मध पातळ झाला होता. "तुला उद्घाटनाची तारीख हवी होती. मी म्हटलं, दोन-चार दिवसांचा प्रश्न आहे."

"काका कुठे आहेत?" बाईंनी विचारलं.

"मला काय माहीत? बसने गेले."

तेव्हाच आमच्या पायाखाली काहीतरी खडखडलं, आणि जमिनीतून घरघर सुरू झाली. जाड, जबरदस्त घरघर. खुर्च्यांचे पाय थरथरले.

ताईने माझा दंड एवढा घट्ट धरला की नखं रुतली. "हाच," ती म्हणाली. "हाच आवाज होता."

६

"तो कॉम्प्रेसर आहे," चिवचिव म्हणाली. पहिल्यांदाच ती हळू बोलत होती. "तळघरात. दात कोरायच्या यंत्राला हवा तोच देतो. हवा कमी झाली की आपोआप सुरू होतो."

तळघराचा जिना मागच्या खोलीतून उतरत होता. काकांच्या टेबलावर मेणाचे साचे, चष्मा आणि अर्धवट घासलेली एक कवळी तशीच पडली होती. वीस पायऱ्या. खाली लोखंडी दार, आवाज वर येऊ नये म्हणून आतून जाड गादी ठोकलेलं. दारातून गरम वाफारा येत होता.

"किल्ली," बाई म्हणाल्या.

"मेकॅनिककडे आहे. तो सोमवारी येईल." टापटीप जिन्याच्या वर उभा होता.

सोमवारी. मला एकदम सगळं समजलं, आणि समजलं नसतं तर बरं झालं असतं. त्याने काकांना मारलं नव्हतं. मारणार नव्हता. शुक्रवारी इथे पुन्हा पाकिटांवरून भांडण झालं असेल, धक्का लागला असेल, काका या पायऱ्यांवरून पडले असतील. मग त्याने फक्त दार लावून घेतलं. काकांच्या फोनची आठवण होऊन परत आला, तो हिसकावला, आणि पुन्हा दार लावलं. त्यानंतर काहीच करायचं नाही, एवढंच त्याने ठरवलं होतं. बाराला दवाखाना बंद करायचा. सोमवारी उघडायचा. मधलं काम त्या खोलीतली गरम हवा करणार होती.

डॉक्टरबाई त्याच्याजवळ गेल्या. त्याच्या पट्ट्याला अडकवलेला किल्ल्यांचा जुडगा त्यांनी स्वतःच्या हाताने सोडवला, लहान मुलाच्या हातातून कात्री काढून घ्यावी तसा. त्याने हात वर केला नाही. तो मागे सरकून भिंतीला टेकला आणि हवालदाराने त्याचा दंड धरला, तरी त्याने तिकडे बघितलं नाही.

तिसरी किल्ली लागली.

आत मिट्ट काळोख आणि ती घरघर. कानात, दातांत, माझ्या तारांत घुसणारी. बाईंनी बॅटरी फिरवली. तेलाचे डाग, नळ्या, लाल टाकी. टाकीमागे एक चप्पल.

"काका!" मी ओरडले. माझाच आवाज मला ऐकू आला नाही.

डॉक्टरबाईंनी चाचपडत भिंतीवरचं बटण शोधलं आणि खाली ओढलं. कॉम्प्रेसर दोनदा उचकी देऊन थांबला.

एवढी शांतता मी कधीच ऐकली नव्हती. आम्ही चार बायका, कोणी श्वास घेत नव्हतं, कारण प्रत्येकीला दुसऱ्याच कोणाचा तरी श्वास ऐकायचा होता.

टाकीमागे ते कुशीवर पडले होते. एक पाय नको त्या दिशेला वळलेला. ओठ पांढरे, शर्ट घाम वाळून कडक झालेला. डॉक्टरबाई गुडघ्यांवर बसल्या आणि त्यांच्या गळ्यावर दोन बोटं ठेवली. त्यांनी ती उचलली, जरा बाजूला सरकवली, परत ठेवली. ताई माझ्या शेजारी ओठ हलवून सेकंद मोजत होती, कामावर मोजते तसे. चार. पाच. सहा. जिन्यावरून टापटीपची बहिणीला हाक आली, "ताई?" नऊ. दहा.

"आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि मग मोठ्याने रडत, पण बोटं जराही न हलवता, "आहे, आहे. बारीक आहे, पण आहे. पाणी आणा कोणीतरी."

पाणी आणायला पहिली मी पळाले.